हेल्मेटला घरचा रंग : खर्च चारशेचा, प्रश्न डोक्याचा

बदलापूर किंवा अंबरनाथ स्टेशनजवळच्या दुचाकी तळावर सकाळी आठच्या सुमारास उभे राहून पाहावे. मुंबईकडे जाणारी लोकल गाठण्यासाठी माणसे घाईघाईने गाडी लावतात, हेल्मेट आरशाला किंवा सीटच्या कड्याला अडकवतात आणि जिन्याकडे पळतात. ओळीने गाड्या, ओळीने हेल्मेट आणि त्यांतली बहुतेक काळी. रात्री परत आल्यावर आपले कोणते आणि शेजारच्याचे कोणते हे आतले अस्तर पाहिल्याशिवाय कळत नाही. अदलाबदल होते, कधी चोरीही होते. म्हणून आपले हेल्मेट लांबून ओळखू यावे, ही इच्छा निव्वळ हौशी म्हणून सोडून देण्यासारखी नाही. घरोघरी जेवण आणि सामान पोहोचवणारे तरुण, अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारे कामगार, रविवारी मुरबाडमार्गे माळशेज घाटात जाणारी कॉलेजची मुले, या सर्वांना आता हेल्मेटवर नाव, नक्षी, रक्तगट हवा असतो.

व्यावसायिक कलाकाराकडून असे काम करून घ्यायचे तर हजारांत पैसे मोजावे लागतात. एवढे पैसे नसलेला तरुण हार्डवेअरच्या दुकानातून रंगाचा स्प्रे डबा आणतो, गॅलरीत वर्तमानपत्र पसरतो आणि तासाभरात हेल्मेट लाल किंवा निळे करून टाकतो. हेल्मेट छान दिसते, पण त्याचे नुकसान झाले असेल तर ते डोळ्यांना दिसत नाही. घरच्या घरी, तीनशे-चारशे रुपयांत हेल्मेट चांगले रंगवता येते आणि हात बसला तर त्यातून जोडधंदाही होतो. मात्र त्यासाठी लोखंडी पत्र्यावर शिकलेला हुन्नर थोडा बाजूला ठेवावा लागतो. तो का, हे आधी सांगतो.

पत्रा वेगळा, प्लॅस्टिक वेगळे

आपल्या समाजातील बरेच तरुण गॅरेज, डेंटिंग-पेंटिंग, फर्निचर पॉलिश या धंद्यांत आहेत. कल्याणपासून बदलापूरपर्यंत अशा कारागिरांची कमतरता नाही. त्यांच्या हाताला एक शिस्त लागलेली असते : जुना रंग खरवडा, थिनरने पुसून घ्या, पुट्टी भरा, प्रायमर मारा, वर रंग आणि लॅकर. मोटारसायकलच्या टाकीला ही शिस्त उत्तम आहे. हेल्मेटला हीच शिस्त घातक ठरू शकते.

हेल्मेटचे काम दोन भागांत चालते. बाहेरचे कडक कवच आघात एका जागी न ठेवता पसरवते आणि रस्त्यावर घसरत जाते. आतला जाड थर्मोकोलचा थर दाबला जाऊन धक्का स्वतः खातो, म्हणजे तो कवटीपर्यंत कमी पोहोचतो. वरचे मऊ कापडी अस्तर फक्त आरामासाठी असते. आपल्याकडील स्वस्त आणि मध्यम किमतीच्या हेल्मेटचे कवच बहुधा एबीएस नावाच्या प्लॅस्टिकचे असते, काहींचे पॉलिकार्बोनेटचे असते. महाग हेल्मेटमध्ये काचतंतू आणि रेझिनचे, म्हणजे ज्याला आपण नुसते ‘फायबर’ म्हणतो त्याचे कवच मिळते. स्टीलबर्ड, स्टड्स, बेळगावची वेगा या कंपन्यांची नावे आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहेत. एकाच कंपनीच्या निरनिराळ्या मॉडेलचे कवच निरनिराळे असू शकते. तेव्हा नावावरून अंदाज न बांधता आतली चिठ्ठी वाचावी.

एन.सी. थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल आणि साध्या स्प्रे डब्यातले द्रावण यांचे प्लॅस्टिकशी जमत नाही. एबीएस त्यांच्यामुळे मऊ आणि चिकट होते. पॉलिकार्बोनेटमध्ये केसासारख्या बारीक चिरा पडतात. साच्यातून निघालेल्या प्लॅस्टिकमध्ये मुळातच थोडा ताण अडकलेला असतो. द्रावण आत मुरले की त्या ताणाच्या जागी चिरा सुरू होतात आणि पुढे हळूहळू वाढत राहतात. वरून रंग मारलेला असल्यामुळे त्या कोणाला दिसत नाहीत. अपघाताच्या क्षणी जे कवच आघात पसरवणार होते ते तडकून मोकळे होते. बऱ्याच उत्पादकांच्या सूचनापत्रकात हेल्मेटला रंग, पेट्रोल, सफाईचे द्रव किंवा इतर द्रावणे लावू नयेत असे छापलेले असते. ते पत्रक आपण खोक्यासोबत फेकून देतो.

थर्मोकोलचे तर विचारायलाच नको. ज्याला पटत नसेल त्याने टीव्हीच्या खोक्यातला थर्मोकोलचा तुकडा घ्यावा आणि त्यावर थिनरचा एक थेंब टाकावा. डोळ्यांदेखत खड्डा पडतो. हेल्मेटच्या आतला थर त्याच जातीचा, फक्त जास्त दाट असतो. वाऱ्याच्या भोकांतून स्प्रेचा फवारा आत गेला तर तिथेही असेच होणार.

मी स्वतः ही चूक केलेली आहे. फार वर्षांपूर्वी एका जुन्या हेल्मेटवरील चिकट डाग काढण्यासाठी थिनरचा बोळा फिरवला. डाग गेला आणि त्यासोबत चकाकीही गेली. बोटाचा ठसा उमटेल इतका पृष्ठभाग मऊ झाला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कडक झाला, तेव्हा सर्व ठीक आहे असे समजून मी ते पुढे दोन वर्षे वापरले. पडलो नाही, एवढाच तो शहाणपणा.

सर्वांत स्वस्त मार्ग : रेडियम

ज्याला फक्त ओळख हवी आहे त्याने रंगाच्या भानगडीत पडूच नये. नंबरप्लेट करणाऱ्याच्या टपरीवर जावे. ज्याला आपण सर्वजण रेडियम म्हणतो तो चिकट पट्टीचा कागद तिथे हव्या त्या रंगात कापून मिळतो. नाव, रक्तगट, दोन-चार पट्ट्या एवढे काम शे-दीडशे रुपयांत होऊन जाते. गोंद मागच्या बाजूला आधीच असतो, थिनरचा संबंध नसतो आणि नको झाले तर निघतेही. काही उत्पादक स्टिकरलाही नको म्हणतात, तेव्हा चिठ्ठी पाहून घ्यावी. परंतु कारखान्याच्या लॅकरवर बसलेली लहान पट्टी आणि थेट प्लॅस्टिकवर मारलेला स्प्रे यांच्या धोक्यात फार मोठे अंतर आहे.

रेडियम घेताच आहात तर मागच्या बाजूला उजेड परत फेकणारी पट्टी लावून घ्यावी. काटई-बदलापूर रस्त्यावर रात्री मागून ट्रक येत असताना तिचा उपयोग नक्षीपेक्षा जास्त आहे. काच मात्र कोरी ठेवावी. तिच्यावर नाव नको, काळी फिल्म नको, रंगाचा शिंतोडाही नको.

पाण्याचा रंग आणि ब्रश

ज्याला खरोखर चित्र किंवा नक्षी काढायची आहे त्याच्यासाठी स्टेशनरीच्या दुकानातले पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंग हा शहाणपणाचा मार्ग आहे. कॅम्लिन, फेव्हिक्रिल ही नावे शाळेच्या मुलांनाही माहीत आहेत. हे रंग ओले असताना पाण्याने धुतले जातात आणि वाळल्यावर पाण्याला दाद देत नाहीत. वासही फारसा नसतो, म्हणजे एका खोलीच्या घरात, जिथे लहान मूल झोपलेले आहे तिथे, हे काम करता येते.

माझा आग्रह असा की हेल्मेटचा मूळ रंग बदलण्याच्या फंदात पडू नये. पूर्ण हेल्मेट ब्रशने एकसारखे रंगवणे कठीण आहे. रेघा दिसतात, रंगही दुप्पट लागतो. मूळ रंग तसाच ठेवून त्यावर नक्षी काढावी. नवीन घ्यायचे असेल तर साधे पांढरे घ्यावे. पांढऱ्यावर प्रत्येक रंग खुलतो. काळ्यावर पिवळा किंवा लाल लावला की तो तीन हात देऊनही मळकट दिसतो आणि खाली आधी पांढरा हात द्यावा लागतो.

कामाचा क्रम असा. काच आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या चकत्या स्क्रू काढून वेगळ्या कराव्यात. स्क्रू वाटीत ठेवावेत, ते हरवले की मापाचे मिळत नाहीत. निघण्यासारखे अस्तर असेल तर तेही काढावे. थर्मोकोल मात्र उचकटू नये. तो एकदा सैल झाला की पुन्हा तसा बसत नाही. आतली पोकळी वर्तमानपत्राने भरून कडेने मास्किंग टेप लावावी. हनुवटीचा पट्टा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळावा, वाऱ्याची भोके टेपने बंद करावीत. मागच्या बाजूला आयएसआयचे चिन्ह असते त्यावरही टेप लावावी, त्याच्याविषयी पुढे बोलू.

मग भांडी घासण्याच्या पातळ साबणाने आणि कोमट पाण्याने हेल्मेट धुवावे. केसांचे तेल, घामाचे डाग, रस्त्याचा चिकट धूर हे सर्व साबणाने जाते, थोडा वेळ लागतो एवढेच. सुकल्यावर जिथे नक्षी यायची आहे तेवढ्याच भागावर ८०० नंबरचा वॉटर पेपर पाणी लावून अगदी हलक्या हाताने फिरवावा. उद्देश फक्त चकाकी मारण्याचा आहे. दुधासारखी पांढुरकी झाक आली की थांबावे. गॅरेजमधील कारागीर इथेच चुकतो. त्याचा हात सवयीने दाबतो आणि लॅकर, रंग पार करून प्लॅस्टिक उघडे पडते. कारखान्यात मारलेले लॅकर हीच प्लॅस्टिकची ढाल आहे. ती ठेवायची आहे. ज्या हेल्मेटचा मूळ रंगच पोपडे धरून निघत आहे त्यावर रंगकाम करू नये.

पेन्सिलीने आराखडा काढून रंग लावायला घ्यावा. पहिला हात इतका पातळ असावा की तो अपुरा वाटावा. तासाभराने दुसरा, मग तिसरा. मोठ्या जागेवर ब्रशऐवजी स्पंजचा तुकडा टेकवत गेल्यास रेघा येत नाहीत. सरळ कडेसाठी मास्किंग टेप लावावी आणि रंग पूर्ण वाळण्यापूर्वी ती सावकाश, मागे दुमडत काढावी. अक्षरे शेवटी. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी वर संरक्षणाचा हात द्यावा, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात नक्षीला ओरखडे पडून ती निघू लागते.

या संरक्षणासाठी अ‍ॅक्रिलिकचे पाण्यावरचे व्हार्निश मिळते. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात पॉलिशचे काम करणाऱ्यांना पाण्यावर आधारित पीयू हा प्रकारही माहीत आहे. आज लाकडासाठी असे पीयू अनेक कंपन्या काढतात. ओळखीच्या पॉलिशवाल्याकडून अर्धी वाटी मिळाली तर काम भागते. पाण्यावर आधारित म्हटले तरी त्यात थोडे द्रावण असू शकते. म्हणून काचेच्या चकतीखाली झाकल्या जाणाऱ्या जागेवर थेंबभर लावून एक दिवस पाहावे. जागा चिकट झाली, सुरकुतली किंवा फिकी पडली तर तो डबा परत करावा. ठीक असेल तर दोन पातळ हात द्यावेत.

चित्र कोणते काढावे हे ज्याचे त्याने ठरवावे. घरात जानदार चित्रे नको असणाऱ्यांसाठी बेलबुट्टी, जाळी, तारे, भौमितिक आकृत्या यांची आपल्याकडे वाण नाही. आणि खरे सांगायचे तर गोल पृष्ठभागावर वाघाचे तोंड काढण्यापेक्षा या आकृत्या नवख्या हाताला जास्त साधतात. अक्षरांचे काम तर उल्हासनगरसारख्या गावात अधिक रंगतदार होईल. एकाच गल्लीत मराठी, हिंदी, उर्दू आणि अरबी वळणाची सिंधी वाचणारी माणसे दुसरीकडे कुठे सापडणार?

स्प्रे हवाच असेल तर

कवच फायबरचे असेल तर गोष्ट थोडी बदलते. फायबरला रंगाची द्रावणे प्लॅस्टिकइतकी त्रास देत नाहीत, आणि महागड्या कलाकारांची बहुतेक कामे अशाच हेल्मेटवर होतात. फायबर ओळखण्यासाठी कडेची रबरी पट्टी किंचित उचलून पाहावी. आत धाग्यांची वीण दिसली तर फायबर, एकसंध दिसले तर प्लॅस्टिक. शंका राहिली तर प्लॅस्टिकच समजावे. थर्मोकोलला मात्र फायबरच्या हेल्मेटमध्येही तोच धोका आहे, म्हणून भोके आणि कडा नीट बंद करणे चुकवू नये.

स्प्रेच्या डब्याबद्दल एक गोष्ट घरातील बायाबापड्यांनाही माहीत असावी. त्यातील रंग बाहेर ढकलणारा वायू बहुधा स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा, पेटणारा असतो. एका खोलीत फवारा मारायचा आणि पलीकडे शेगडी पेटलेली, हे चालणार नाही. अगरबत्ती, विडी, देवघरातला दिवा काहीही नको. काम गच्चीवर, वाऱ्याच्या आडोशाला मोठे खोके उभे करून करावे.

गॅरेजमध्ये वापरतात ते हार्डनर घालायचे दोन डब्यांचे लॅकर घरी अजिबात वापरू नये. चकाकी तीच सर्वांत चांगली देते हे मान्य आहे, पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचा फवारा छातीत गेल्याने दम्याचा कायमचा विकार जडू शकतो आणि तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क तो अडवत नाही. ज्यांच्या गॅरेजमध्ये हे रोज मारले जाते त्यांनीही या वाक्यावर थोडा विचार करावा.

उरलेले थिनर गटारात ओतण्याची सवय आपल्या भागात तरी सुटली पाहिजे. वालधुनी अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून जाते, उल्हासनगरच्या वस्तीतून वाहते आणि पुढे उल्हास नदीला मिळते. नोव्हेंबर २०१४ मध्ये याच नदीत घातक रसायन सोडले गेले आणि उल्हासनगरात शेकडो लोकांना श्वासाचा त्रास होऊन रुग्णालय गाठावे लागले होते. आपले वाटीभर थिनर म्हणजे टँकर नव्हे, पण गटार तेच आहे. उरलेले थिनर झाकण लावून पुढच्या कामासाठी ठेवावे.

मोसमाचाही विचार करावा. जून ते सप्टेंबर आपल्या पट्ट्यात हवा इतकी दमट असते की पाण्याचा रंग सुकत नाही आणि लॅकर पांढरे पडते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, दुपारी अकरा ते चार ही वेळ चांगली. बदलापुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. तेव्हा लवकर वाळावे म्हणून हेल्मेट तापलेल्या पत्र्यावर ठेवू नये आणि वेल्डिंगवाल्याची गरम हवेची गनही लावू नये. थर्मोकोल उष्णतेनेही आकसतो.

रंग कोणता?

हा प्रश्न आवडीचा समजला जातो, पण पूर्णपणे तसा नाही. न्यूझीलंडमधील ऑकलंड भागात मोटारसायकलस्वारांचा एक अभ्यास झाला आणि तो २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. त्यात पांढरे हेल्मेट घालणाऱ्यांना काळे हेल्मेट घालणाऱ्यांपेक्षा अपघातात जखमी होण्याचा धोका २४ टक्क्यांनी कमी आढळला. परदेशातील आकडा जसाच्या तसा कल्याण-बदलापूर रस्त्याला लागू होईल असे नाही. तरी कारण समजण्यासारखे आहे : समोरच्या ट्रक ड्रायव्हरला जे आधी दिसते ते वाचते. काळ्या हेल्मेटवर काळसर कवटी काढून घेणाऱ्या मुलांना हे एकदा सांगून पाहावे. ऐकले नाही तर निदान पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्या तरी वाढवाव्यात.

एमआयडीसीतील कामगारांसाठी दोन शब्द. कारखान्यातील पिवळे किंवा निळे सुरक्षा हेल्मेट वेगळ्या मानकाचे, आयएस २९२५ चे असते. वरून पडणाऱ्या वस्तूपासून डोके वाचावे यासाठी ते असते. ते घालून गाडी चालवली तर पोलिसांपासूनही बचाव नाही आणि डांबरापासूनही नाही. त्यावर ऑइल पेंटने नाव लिहू नये. ते बहुधा ज्या प्लॅस्टिकचे असते त्यावर रंग टिकत नाही, पोपडे होऊन निघतो. नावाची रेडियम चिठ्ठी पुरे. रंग बदलण्याचा तर प्रश्नच नाही, कारण कारखान्यात कोणत्या रंगाचे डोके कोणाचे हे ठरलेले असते.

धंद्याचा हिशोब

घरचे एक हेल्मेट रंगवण्याचा खर्च साधारण असा येतो. दुकानागणिक किमती बदलतील, पण अंदाज यावा म्हणून देतो. अ‍ॅक्रिलिक रंगाच्या लहान बाटल्या चार, सुमारे सव्वाशे रुपये. दोन ब्रश साठ ते ऐंशी. मास्किंग टेप चाळीस. वॉटर पेपरचे दोन कागद तीस-चाळीस. व्हार्निशची लहान बाटली शंभर ते दीडशे. म्हणजे साडेतीनशे ते सव्वाचारशे. यातले ब्रश, टेप, व्हार्निश पुढच्या तीन-चार कामांना पुरते, म्हणजे दुसऱ्या हेल्मेटपासून सामानाचा खर्च दीडशेच्या आसपास उतरतो. वेळ तीन दिवसांत मिळून सहा-सात तास, त्यातला निम्मा वाळण्याची वाट पाहण्यात. त्या वाट पाहण्यात दुसरे हेल्मेट हातात घेता येते.

गिऱ्हाईकाकडून किती घ्यावे? इथे एक मर्यादा आपोआप पडते. आयएसआय चिन्हाचे साधे हेल्मेट हजार रुपयांच्या आसपास मिळते. त्यावरील रंगकामाला कोणी हजार देणार नाही. नाव आणि दोन रंगांच्या पट्ट्यांना तीनशे, पूर्ण नक्षीला पाचशे-सहाशे एवढेच आपल्या भागात झेपेल असे मला वाटते. याने कोणाचा संसार चालणार नाही. मात्र ज्या पेंटरांचे हात दुकानांच्या पाट्या रंगवण्यात तयार झाले आणि फ्लेक्स आल्यावर रिकामे पडले, त्यांच्या हाताला हे काम साजेसे आहे. गोल पृष्ठभागावर एका दमात सरळ अक्षर काढणे फ्लेक्सच्या मशीनला जमत नाही. घरात मेंदी, कापडावरील रंगकाम करणाऱ्या भगिनींनाही हे सहज जमेल, आणि पाण्याचे रंग असल्यामुळे घरात करता येईल.

यासाठी कर्ज काढू नये. मुद्रा योजनेचे शिशू कर्ज आहे, मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ आहे, त्यांचा उपयोग गॅरेज टाकताना, मशीन घेताना करावा. हजार रुपयांचे सामान स्वतःच्या खिशातून घ्यावे, आधी घरची दोन-तीन हेल्मेट रंगवावीत, मग मित्रांची. काम वाढले तर उद्यम पोर्टलवर नोंदणी करावी, ती मोफत होते.

आता आयएसआयविषयी. १ जून २०२१ पासून दुचाकीचे हेल्मेट आयएस ४१५१ या मानकाचे आणि आयएसआय चिन्ह असलेलेच बनवता आणि विकता येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे चालवणारा आणि मागे बसणारा दोघांनाही, चार वर्षांवरील मुलासह, हेल्मेट लागते. रंग मारताना हे चिन्ह झाकले गेले तर पोलिसाला पटवणे जड जाते. चिन्हासोबत परवाना क्रमांक असतो, तो बीआयएस केअर या मोबाइल अ‍ॅपवर टाकून पाहता येतो. गिऱ्हाईकाचे हेल्मेट घेतानाच हे पाहावे. क्रमांक खोटा निघाला तर त्याला सांगावे की रंगाचे पैसे नव्या हेल्मेटला लावा.

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित उतरले आणि १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. रिकाम्या हाताने आलेल्या माणसांनी तिथे जे दिसेल ते बनवून विकले. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तेव्हापासूनचा. पेन, पाकीट, पँट यांच्या बाबतीत तो हसून ऐकता येतो. खोट्या चिन्हाचे हेल्मेट मग ते कुठेही बनलेले असो, त्यावर हसता येत नाही, आणि कायद्यानेही तो गुन्हा आहे.

त्याहून अवघड प्रसंग रंगवणाऱ्याच्या दारात येतो. एखादा माणूस पडलेले, घासलेले, बाजूला चीर गेलेले हेल्मेट घेऊन येतो आणि म्हणतो, पुट्टी भरून नवे करून दे, भाचा वापरेल. किंवा जुन्या मालाचा व्यापारी दहा-पंधरा हेल्मेट एकदम आणतो, प्रत्येकी दोनशे देतो. एका रात्रीत दोन-तीन हजारांचे काम समोर असते आणि घरात गरज असते. हे काम घेऊ नये. एकदा जोराचा आघात खाल्लेल्या हेल्मेटचा थर्मोकोल दाबला गेलेला असतो, तो पुन्हा फुलत नाही. वरून चकचकीत केले की पुढच्या गिऱ्हाईकाला ते कळण्याचा एकमेव मार्गही आपण बुजवतो. ऐब झाकून विकलेल्या गाडीने फार तर पैसे बुडतात. आलेल्या माणसाला ओरखडे तसेच ठेवून परत पाठवावे, निदान पुढचा घेणारा ते पाहील. आघात न लागलेले हेल्मेटही फार जुने असेल, पाच-सहा वर्षे उन्हात लटकलेले असेल, तर त्यावर पैसे घालू नका असे सांगणे बरे.

पावतीचे पुस्तक साधे असले तरी चालेल, पण त्यात तीन गोष्टी लिहाव्यात : हेल्मेटची कंपनी आणि मॉडेल, आणले तेव्हा चीर किंवा खोक नव्हती, आणि रंग पाण्यात मिसळणारा वापरला. गिऱ्हाईकाची सही घ्यावी. निम्मे पैसे आगाऊ घ्यावेत, कारण नाव घातलेले हेल्मेट दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. माल देताना काचेचे स्क्रू घट्ट आहेत का, काच नीट वरखाली होते का आणि पट्ट्याचे कुलूप लागते का हे त्याच्यासमोर पाहावे. पहिले तीन दिवस हेल्मेट वापरू नका, दोन-तीन आठवडे बंद डिक्कीत कोंबू नका, धुताना फक्त साबण आणि पाणी वापरा, आणि पेट्रोल पंपावर पुसायला दिलेले फडके त्याला लावू नका, एवढे सांगून ते त्याच्या हातात द्यावे.